चौदा अंगरख्यांच्या गाठी

६ जानेवारी

बारक्या,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी, तेही उरले तर. फोनच करणार होते, पण फोनवर तू ‘ताई, आवाज तुटतोय’ म्हणून सटकतोस आणि मला राग आला की रडू येतं. म्हणून लिहितेय. तूही लिहूनच उत्तर दे.

काल तुमचा सिनेमा बघितला. अख्खा कारखाना बंद ठेवून गेलो. शिवणाऱ्या बारा जणी, इस्त्रीवाल्या काकू, कटिंगमास्तर आणि मी. मास्तर आयुष्यात तिसऱ्यांदा थिएटरात आले असतील. कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. सव्वातीन तास बसलो आणि चहालाही न थांबता आपापल्या घरी गेलो.

मला एक सांग, एवढी चांगली गोष्ट मातीत घालायला किती माणसं लागतात? किल्ल्यात सातशे माणसं, बाहेर आठ महिन्यांचा वेढा, कोठारातलं धान्य संपत आलेलं, आणि तरी किल्ला पडत नाही. शाळेतल्या मुलांनी गॅदरिंगला केली असती तरी ही गोष्ट उभी राहिली असती. तुमच्या लोकांनी आठ महिने एका गाण्यात उरकले! उपाशी माणसं गालाला लाली लावून नाचतात. हिरोच्या अंगरख्याला आम्ही सहा बंद लावले होते, त्यानं एकही बांधला नाही, कारण छाती दिसली पाहिजे. पाऊस, थंडी, उपासमार, काही असो, छाती उघडी. घोडा हळू, तलवार हळू, केस हळू. आणि जिथे थांबून बघायला हवं तिथे मात्र पाठीमागे कुत्रं लागल्यासारखी पळापळ. पांढरं कापड चुकून रंगीत धुण्यात जावं तसा सगळा सिनेमा पिवळट. आम्ही निळ्याच्या तीन छटा रंगवून घेतल्या होत्या, त्यातली एक तरी दिसू द्यायची.

पण हे सगळं मी सोडून दिलं असतं. दरवाजावरच्या बाईचं काय केलंत?

ती गोष्ट दिग्दर्शकाला मी सांगितली होती, ट्रायलच्या दिवशी, कपड्यांच्या ढिगावर बसून. आपल्या वडिलांनी आपल्याला सांगितलेली. वेढ्याच्या शेवटच्या महिन्यात शत्रूची चौदा माणसं किल्ल्यातल्या लोकांसारखे कपडे घालून, डोक्यावर पोती घेऊन दरवाजाशी आली. रंग तोच, कापड तेच, गळा तोच. पण किल्ल्यातले लोक अंगरख्याची गाठ डावीकडे बांधायचे आणि वेढा घालणारे उजवीकडे. शत्रूच्या शिंप्यानं सगळी नक्कल केली, पण गाठीपाशी हात सवयीनं गेला. दरवाजा राखणाऱ्या बाईनं तोंडं बघितली नाहीत, गाठी बघितल्या आणि दरवाजा लावून घेतला. शत्रूचा शेवटचा डाव फसला, संपला वेढा. दिग्दर्शक ऐकून उभाच राहिला. म्हणाला, ‘ताई, हाच माझा सिनेमा.’ म्हणून आम्ही ते चौदा अंगरखे वेगळे केले. मास्तरांनी स्वतः कापले. उजव्या बाजूला बंद.

आणि काल पडद्यावर काय? बाई त्या माणसाच्या गाठीकडे बोट दाखवून किंचाळते, ‘हे आपले नव्हेत!’ आणि गाठ डावीकडे. चौदाच्या चौदा डावीकडे. बाकी सगळ्यांसारखी! मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, ‘बाईला चष्मा द्या!’ सगळं थिएटर हसलं. आमच्या चौदा जणींना आणि मास्तरांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

आता सरळ उत्तर दे. त्या दिवशी कपडे बदलले का कोणी? की आमच्याकडूनच चुकीचे गेले? तू त्या लोकांत उठबस करतोस. विचारून कळव.

तुझी,
ताई

०

१४ जानेवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. वाचताना हात भाजले.

सिनेमाबद्दल तू म्हणतेस त्यातला शब्दन् शब्द खरा. आम्ही एडिट रूममध्ये त्या गाण्याला ‘उपासाची पंगत’ म्हणायचो. हिरोच्या छातीचे सगळे शॉट सलग जोडले तर अकरा मिनिटं भरतात, मी मोजलेत. पण मी तिथे कोण? मुख्य संकलक म्हणजे आमचे साहेब, ते सांगतील तिथे कापायचं, सांगतील तिथे जोडायचं. दरवाजाचा प्रसंग आधी नऊ मिनिटांचा होता. बाई एकेकाकडे बघत जायची, काही बोलायची नाही. आम्ही तो पहिल्यांदा लावला तेव्हा सगळ्यांनी तो लगेच पुन्हा लावायला सांगितला होता. मग वरून निरोप आला, बाई फार वेळ दिसते, हिरो कुठाय? नऊची झाली चार मिनिटं.

अंगरख्यांचं म्हणशील, तर चित्रीकरणाच्या दिवशी मी तिथे नव्हतो. दोनशे माणसं, धूळ, घाई, त्यात कुठे काय झालं असेल, आता कोण सांगणार? लोक आठ दिवसांत विसरतात. तूही सोडून दे.

आणि हो, मास्तरांना काही बोलू नकोस. त्यांचं वय झालंय.

तुझी भावजय आणि भाचरं बरी आहेत... असं लिहायचा विचार होता, पण अजून लग्नच केलेलं नाही हे आठवलं. हस की जरा.

तुझा,
बारक्या

०

२६ जानेवारी

बारक्या,

नाही हसले.

‘त्यांचं वय झालंय’ ही तुझी ओळ वाचली आणि मला जे समजायचं ते समजलं. तू सरळ लिहिलं नाहीस, माझं मन राखलंस. पण कळलं.

इकडे काय काय झालं ते ऐक. मंगळवारी वर्तमानपत्रात सिनेमा-कंपनीचं निवेदन आलं. ‘दरवाजाच्या प्रसंगातील तपशिलाची चूक ही वेशभूषा पुरवणाऱ्या कारखान्याकडून झालेली असून आम्ही दिलगीर आहोत.’ कारखान्याचं नाव आपल्या वडिलांनी ठेवलेलं, ते असं पहिल्यांदा छापून आलं. सिनेमात नाव होतं ते एवढ्या बारीक अक्षरात की मुंगीनं वाचावं! बुधवारी पुढच्या सिनेमाचे लोक आले आणि दिलेले नमुने परत घेऊन गेले. माप घेतलेलं, कापड आणलेलं, सगळं जिथल्या तिथे. दारात एक जण दुसऱ्याला म्हणाला, ‘यांना डावं-उजवं कळत नाही.’ हळू म्हणाला, पण मला ऐकू यावं इतपत.

मी आत आले. मास्तर टेबलावर वाकून अस्तर कापत होते. मी म्हटलं, मास्तर, चौदा कपडे. चौदा! एक चुकला असता तर मी समजून घेतलं असतं. डोळ्यांना दिसत नसेल तर सांगायचं होतं, कातर दुसऱ्याच्या हातात दिली असती. तुमच्या एका हातापायी बारा बायकांच्या पोटावर पाय आला.

सगळ्यांसमोर बोलले. मशीन बंद पडली एकेक.

मला वाटलं, मास्तर ओरडतील. मी पाच वर्षांची असल्यापासून ते मला ओरडत आलेत. पण ते म्हणाले, ‘हात चुकला असेल, पोरी. नाही कसं म्हणू?’ कातर नीट मिटवून टेबलाच्या मधोमध ठेवली, चपला घातल्या आणि गेले. साडेअकरा वाजले होते. चाळीस वर्षांत ते कधी दुपारच्या आधी उठलेले मी बघितले नाहीत.

आज पाचवा दिवस. आले नाहीत. मी बोलावणार नाही. चुकले ते, मी फक्त बोलून दाखवलं. बोलायचंही नाही का माणसानं? तूच सांग.

ताई

०

११ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस होत आले. रोज लिहायला बसतो आणि उठतो. आज उठायचं नाही असं ठरवून बसलोय.

मास्तर चुकले नाहीत. गाठी उजवीकडेच होत्या. चौदाच्या चौदा. शॉट मी पलटवला.

नीट सांगतो. हिरोच्या करारात कलम आहे, चेहरा डाव्या बाजूनंच दिसला पाहिजे. दरवाजाच्या प्रसंगात तो मागे उभा आहे, आणि जिथून शॉट घेतला तिथून त्याचा उजवा गाल येत होता. त्यानं बघितलं आणि आकांडतांडव केलं. परत चित्रीकरण करायचं तर किल्ल्याचा सेट मोडून झाला होता. साहेब मला म्हणाले, पलटव. म्हणजे चित्राची डावी बाजू उजवीकडे आणि उजवी डावीकडे, आरशात दिसतं तसं. एक बटण दाबायचं असतं, ताई. एवढंसं काम.

पलटवण्याआधी काय काय बघायचं ते ठरलेलं असतं. कुठे अक्षर लिहिलेलं आहे का, तलवार कोणत्या हातात आहे, माणूस कुठल्या बाजूनं चालत आला. मी सगळं बघितलं. अक्षर नव्हतं. तलवारी नव्हत्या, डोक्यावर पोती होती. मी म्हटलं, चालेल. गाठी माझ्या डोळ्यांसमोर होत्या आणि मला दिसल्या नाहीत. तुझ्या मशीनखाली झोपून मोठा झालेला मी. बंद ओवून दिले की गोळी मिळायची म्हणून दिवसाला शंभर बंद ओवणारा मी.

प्रदर्शनाच्या आठ दिवस आधी आम्हा लोकांसाठी खेळ ठेवला होता. बाई किंचाळली तेव्हा मला गाठ दिसली. मी बाहेर येऊन साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, ‘आता सिनेमा गेला सगळीकडे. गाठी कोण बघतंय?’ मी गप्प बसलो. तू विचारलंस तेव्हाही मला माहीत होतं. ‘मास्तरांना बोलू नकोस’ असं लिहिलं ते त्यांना वाचवायला. तू त्याचा असा अर्थ घेशील हे मनातसुद्धा आलं नाही. म्हणजे आलं असतं, खरं सांगणारा माणूस असतो तर.

तू काय म्हणशील ते ऐकायला मी तयार आहे.

बारक्या

०

१५ फेब्रुवारी

तयार आहेस? वा! मोठे उपकार झाले.

शिंपिणीच्या भावाला गाठ दिसली नाही. ठीक आहे, डोळे आहेत, चुकतात. पण तोंड? ते तर डोळ्यांसारखं चुकत नाही ना? मी तुला सहा तारखेला विचारलं. शब्द मोजून विचारलं. तू मला छातीची अकरा मिनिटं मोजून सांगितलीस आणि वर ‘हस की जरा’ लिहिलंस. त्या वेळी एक ओळ लिहिली असतीस तर मास्तर आज टेबलापाशी असते. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी, आणि चोर माझ्याच हातचं खाऊन वाढलेला!

त्या हिरोला काय बोलू? त्याला एकच गाल असल्यासारखा मिरवतो. दिग्दर्शकाला काय बोलू? ‘हाच माझा सिनेमा’ म्हणाला होता, आणि तो सिनेमा एका गालासाठी विकला. ते परके. त्यांच्याकडून मी अपेक्षा केली ती माझी चूक. पण ती बाई सातशे माणसांचा जीव वाचवते, कारण ती बघते आणि बघितल्यावर बोलते. तुम्ही सगळ्यांनी मिळून तिला वेडी ठरवलंत. थिएटरं हसली तिला. आणि तिच्या मागोमाग मास्तरांना.

आता माझ्या समाधानासाठी काही लिहू नकोस. वर्तमानपत्रात निवेदन आलंय ना कारखान्याच्या नावानं? तिथेच उत्तर येऊ दे, तुझ्या नावानं. शॉट कोणी पलटवला, का पलटवला, सगळं. नोकरी जाईल म्हणशील. जाऊ दे. एक माणूस त्याची नोकरी गमावून बसलाय, आणि त्यानं काही केलेलं नव्हतं.

तोवर मला ताई म्हणू नकोस.

०

२४ फेब्रुवारी

सोमवारी वर्तमानपत्राच्या कचेरीत जाऊन लिहून दिलं. मूळ शॉट आणि पलटवलेला शॉट, दोन्हीचे फोटो दिले. हे फोटो मी बाहेर नेले म्हणून कंपनी चिडली आहे, पण चूक नाकारता आलेली नाही. आज छापून आलंय. आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात. निवेदन पहिल्या पानावर होतं, पण त्याला माझा इलाज नाही. कात्रण सोबत आहे.

साहेबांनी दुपारी बोलावलं. चौदा वर्षं त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो. त्यांनी वर बघितलं नाही. म्हणाले, किल्ल्या टेबलावर ठेवून जा. मी त्यांना विचारलं, तुम्हाला गाठी खरंच दिसल्या नव्हत्या? ते म्हणाले, ‘मला तर बाईच नको होती.’

काम मिळेल कुठेतरी. नाही मिळालं तर बंद ओवतो.

मी मास्तरांकडे जाणार होतो. पण तू आधी जावंस असं वाटलं. मी गेलो तर ते मला चहा पाजतील आणि मी सुटेन.

बारक्या

०

३ मार्च

बारक्या,

काल गेले होते मास्तरांकडे.

दोन जिने चढून वर त्यांची खोली. लेकीनं दार उघडलं आणि मला बघून आत न बोलवता बाजूला झाली. मास्तर खिडकीशी पलंगावर बसले होते. जमिनीवर वर्तमानपत्रांच्या कापलेल्या तुकड्यांचा ढीग, गुडघ्याएवढा. मी तुझं पत्र वाचून दाखवलं, मग कात्रण. पलटवल्याचं त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, ‘म्हणजे माझे उजवेच होते?’

म्हटलं, उजवेच.

त्यांनी त्या ढिगाकडे बोट केलं. म्हणाले, ‘महिनाभर कागदाचे अंगरखे कापतोय. एक डावा, एक उजवा. लेकीला सांगतो, मधेच ओरड, कुठला ते. एकदाही चुकलो नाही. मग मला वाटायला लागलं, हात ठीक आहे, डोळे ठीक आहेत, म्हणजे डोकं गेलं असणार. परवा हिला म्हटलं, मला वेड लागतंय, घराला कुलूप लावून जात जा.’

मी पाया पडायला वाकले. त्यांनी पाय मागे घेतले.

मी रडत होते, पण ते रागावले होते, बारक्या. शांतपणे रागावले होते. म्हणाले, ‘तुझ्या भावाचं मला फारसं वाटत नाही. तो घाबरट, लहानपणापासूनच. पण तू? ते चौदा अंगरखे पाठवण्याआधी तू स्वतः तपासलेस. चौदा गाठी स्वतःच्या हातानं बांधून बघितल्यास. फोटो काढून वहीत चिकटवलेस, खाली सही केलीस. त्या दिवशी माझ्या अंगावर धावून येण्याआधी वही उघडली असतीस तर?’

वही माझ्या टेबलाच्या खणात आहे. मी रोज तो खण उघडते. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, आणि मी काकण सोडून त्या लोकांच्या आरशात बघत बसले. तुला शिव्या घालणारं पत्र लिहितानासुद्धा मला वहीची आठवण झाली नव्हती. तुझ्यावर अजून राग आहे, तो जाईल असं समजू नकोस. पण रांगेत आधी माझा नंबर लागतो.

मी म्हटलं, उद्या कारखान्यात या, सगळ्यांसमोर माफी मागते. ते म्हणाले, ‘माग. ज्यांच्यासमोर बोललीस त्यांच्यासमोर माग. पण मी नसताना. मी समोर असलो की त्या बायकांना वाटेल, म्हाताऱ्याची समजूत काढतेय. मी नसताना बोललीस तर त्यांना खरं वाटेल.’ मी विचारलं, मग नंतर याल? त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. लेक म्हणाली, ‘ताई, आता त्यांना आराम करू द्या.’

आज सकाळी मशीन सुरू होण्याआधी मी त्यांच्या टेबलापाशी उभी राहिले. वही उघडून सगळ्यांना चौदा फोटो दाखवले. म्हटलं, मास्तर चुकले नव्हते, मी चुकले, मला बघायचं होतं आणि मी बघितलं नाही. बाराही जणी मान खाली घालून ऐकत होत्या. माझं बोलून झाल्यावर इस्त्रीवाल्या काकू म्हणाल्या, ‘आम्हाला माहीत होतं. बंद आम्हीच लावले होते ना त्यांना. तू विचारलंच नाहीस.’

मग मशीन सुरू झाली. नऊ वाजले, दहा वाजले, साडेअकरा वाजले. कटिंगचं काम आता मीच करते. मास्तर आले नाहीत, आणि मी दाराकडे बघायचं थांबवलेलं नाही.

तू ये. मी बोलणार नाही तुझ्याशी, पण ये.

ताई